बावीस वर्षांची प्रशिक्षक

डिसेंबर १९७४. टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने मर्सरविरुद्धचा सामना अवघ्या एका गुणाने गमावला. प्रशिक्षक पॅट हेड (विवाहानंतर पॅट समिट) २२ वर्षांच्या होत्या. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान.

‘प्रशिक्षक’ हा शब्द येथे जपून वाचावा. मानधन महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन स्वतः चालवायची, गणवेशही स्वतःच धुवायचे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला होता, पण कायद्यामागून पैसा फार सावकाश आला.

शिवाय समिट यांचे खेळणे संपलेले नव्हते. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरत त्यांनी पदव्युत्तर अभ्यास, संघाचा सराव आणि स्वतःचा सराव एकाच वेळी चालवला. १९७६ मध्ये माँट्रियलला महिला बास्केटबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले. समिट अमेरिकेच्या सहकर्णधार होत्या. सोव्हिएत संघापुढे निभाव लागला नाही. रौप्यपदक.

१९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्याच संघाच्या प्रशिक्षक म्हणून सुवर्ण मिळाले. मात्र सोव्हिएत संघाचा त्या स्पर्धेवर बहिष्कार होता, हे विसरू नये. टेनेसीत ३८ हंगामांत १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदे.

दरम्यान पैसा व प्रतिष्ठा आली आणि या पदांकडे पुरुषही वळले. १९७२ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील ९० टक्क्यांहून अधिक महिला संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या; २०१२ पर्यंत हे प्रमाण निम्म्याखाली घसरले. त्याच वर्षी टेनेसीत समिट यांच्या जागी आल्या हॉली वॉरलिक, त्यांच्याच एके काळच्या खेळाडू.