तोफेचा झटका आणि आंग्र्यांचं आरमार

मोबाईलवर गेम खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, 'रिकॉइल' म्हणजे काय ते तो झटकन सांगेल. गोळी पुढे गेली की बंदूक मागे धक्का देते, तो झटका. हल्ली आमच्या रत्नागिरीतली कॉलेजची पोरं गेमसाठी स्वतःच्या कल्पनेतली शस्त्रंही रचतात. सहा घरांचा फिरता ड्रम, धडाधड सहा ग्रेनेड, आणि झटका मात्र नावाला! मला याची गंमत वाटते, कारण हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावर अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी खऱ्याखुऱ्या माणसांनी सोडवला होता. आणि त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर घेऊन आलेल्यांनी आपलं आरमार जाळलं.

आधी सोपं गणित. जितकं वजन जितक्या वेगाने पुढे फेकाल, तितका धक्का मागे येणारच. त्यातून सुटका नाही. तो कुठे जिरवायचा, एवढंच आपल्या हातात. आजचा ४० मिलिमीटरचा ग्रेनेड खांद्यावरून उडवता येतो, कारण तो रायफलच्या गोळीपेक्षा कितीतरी जड असला तरी फार हळू जातो, सेकंदाला साधारण ७६ मीटर. असा सहा घरांचा लाँचर भारतीय लष्कराकडेही आहे, तो तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनतो.

आता कान्होजी आंग्र्यांच्या काळात या. जमिनीवर तोफ मागे सरकली तर सरकू द्या, पुन्हा ढकलून जागेवर आणता येते. होडीवर काय करणार? हलक्या होडीच्या कडेला जड तोफ ठेवून डागली तर होडीच कलंडायला लागते. इंग्रजांची जहाजं मोठी, जाड लाकडाची, त्यांना ते परवडायचं. पण ती आपल्या खाड्यांत शिरत नव्हती, वारा पडला की जागच्या जागी उभी राहत. आंग्र्यांना उथळ पाण्यात चालणारी, वेगवान होडी हवी होती आणि तिच्यावर तोफाही हव्या होत्या.

उत्तर होतं गुराब. दीडशे ते तीनशे टनांचं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. त्याच्या मोठ्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या, थेट नाळेवरून पुढे मारा करायच्या. म्हणजे धक्का आडवा न बसता जहाजाच्या लांबीतून मागे जाणार. सोबत गलबतं, बहुतेक सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. त्यांच्या काठावर खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा. अशा छोट्या तोफांचा एक प्रकार पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच या समुद्रात आणला होता. दारू भरलेलं सुटं घर मागून बसवायचं, बार उडाला की काढून दुसरं बसवायचं. पोरांच्या फिरत्या ड्रमचा हा पणजोबाच म्हणा ना!

आणि लढायची रीतही तोफेला शोभेल अशीच. वारा नसला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला न्यायची, जिथे मोठ्या जहाजाच्या तोफा सगळ्यात कमी. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज असंच मागे लागून, डोलकाठ्या पाडून धरलं.

मग हरलो कुठे? फेब्रुवारी १७५६. विजयदुर्ग, म्हणजे तेव्हाचा घेरिया. (१९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता.) ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्यात खास बांधलेल्या पाच नौका होत्या, त्यांच्यावर उखळी तोफा. उखळी तोफेचं तोंड वर असतं, त्यामुळे तिचा झटका खाली बसतो. तो सोसायला नौकेच्या पोटात जाडजूड तुळयांचा पाया रचलेला असे. आंग्र्यांनी झटका लहान ठेवला होता. इंग्रजांनी झटका मोठा ठेवून तो सोसणारी नौका बांधली, आणि त्यामुळे समुद्रातून फुटणारे गोळे फेकता आले. १२ फेब्रुवारीला त्यातला एक 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. ते आंग्र्यांनी कंपनीकडूनच पकडून आणलेलं. बाकीचं आरमार शेजारीच बांधून ठेवलं होतं. एकाची आग दुसऱ्याला लागत सगळं जळालं. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला.

इथे आपल्याकडे दोन गट पडतात. एक म्हणतो, तंत्रज्ञान मागे पडलं. दुसरा म्हणतो, घरचे भेदी. माझं म्हणणं असं की पहिलं खरं असलं तरी अपुरं आहे. पळत्या लढाईसाठी बांधलेलं आरमार बंदरात दाटीने उभं का होतं? कारण जमिनीच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांची फौज आली होती, इंग्रजांशी करार करून. आदल्या वर्षी सुवर्णदुर्गही याच युतीने गेला होता. तुळाजी आंग्रे काही साधे नव्हते, पेशव्यांशी त्यांचं वैर जुनं होतं, हेही मान्य. पण भांडण मिटवायला जे आरमार जाळू दिलं, त्याच्या तोडीचं पुन्हा उभं राहिलं नाही. आणि इंग्रजांनी घेरिया पेशव्यांना परत देताना आपलं बाणकोट पदरात पाडून घेतलं.

म्हणून जयगडला, रत्नदुर्गावर पोरांना नेलंत तर तोफेशेजारी फोटो जरूर काढा, पण एक प्रश्नही विचारा: हिचा झटका कोण सोसायचं? तोफेचा झटका लाकूड सोसतं. आपसातल्या वैराचा झटका मात्र अख्ख्या किनाऱ्याने सोसला.