वूलमनचे दप्तर

क्वेकर या ख्रिस्ती पंथातला जॉन वूलमन (१७२०–१७७२) न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा. शिंपी, दुकानदार आणि मुलांचा मास्तर. वाचायला शिकणाऱ्यांसाठी त्याने एक पहिले पुस्तकही केले. शेजारीपाजारी खते-मृत्युपत्रे त्याच्याकडून लिहून घेत. गुलामगिरीविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध त्याने जे लिहिले त्याचा माग काढत मागे गेले, की आपण एका विक्रीखतापाशी येऊन थांबतो.

१७४२च्या सुमारास तो एका दुकानात नोकरीला होता. मालकाने आपल्याकडची गुलाम बाई विकली आणि त्याला खत लिहायला बसवले. घेणारा वयस्कर, तोही क्वेकर. अचानक सांगितलेले काम, त्यातून मालकाचा हुकूम. वूलमनने ते लिहिले. पण मन खात होते, म्हणून दोघांसमोर बोलूनही टाकले की हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही. पुढे तो अशा कामाला नकार देऊ लागला. एका जखमी शेजाऱ्याचे मृत्युपत्र त्याने लिहिले ते गुलाम मुलीचा मजकूर तेवढा वगळून. खाटेपाशी बसून वाचून दाखवले, अडचण सांगितली, झालेल्या कामाचे पैसेही नकोत म्हणाला. बोलणे बराच वेळ चालले. शेवटी शेजारी तिला मोकळी करायला कबूल झाला, तेव्हा राहिलेला मजकूर पुरा झाला. भांडण नाही, भाषण नाही. कागद अर्धा ठेवायचा, एवढेच त्याचे हत्यार.

गुलामगिरीवरचा त्याचा पहिला निबंध १७५४ साली छापला गेला. दुसरा भाग १७६२मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि डेव्हिड हॉल यांच्या छापखान्यातून निघाला. पंथाच्या निधीतून छापून फुकट वाटायची सोय होती. वूलमनने खर्च स्वतः केला आणि पुस्तक छपाई-बांधणीच्या किमतीला विकले; फुकटचे घरात येते पण वाचले जात नाही, हा दुकानदाराचा हिशेब.

युद्धाच्या बाबतीतही तसेच. १७५८ साली गावात सैनिकांना घरोघर उतरवले. त्याने एकाला ठेवून घेतले. अधिकारी भाडे द्यायला आला तेव्हा ते मात्र घेतले नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक करारनामा. कुणाच्या तरी मृत्युपत्राची अंमलबजावणी करताना वूलमनने आणि दुसऱ्या एका गृहस्थाने एका काळ्या मुलाला तिसाव्या वर्षापर्यंतच्या कामासाठी विकले होते. गोऱ्या मुलांपेक्षा ही नऊ वर्षे जास्त. बऱ्याच वर्षांनी वूलमनने आपल्या वाट्याची साडेचार वर्षे मोजली आणि तेवढ्या काळाची वाजवी भरपाई आपण देऊ, असे लिहून दिले. आपल्या पश्चात वारसदारांच्या गळ्यात पडेल असे लिहून दिले, हे विशेष.

रोजनिशी त्याने छत्तिसाव्या वर्षी लिहायला घेतली. १७७२मध्ये इंग्लंडात यॉर्कला तो देवीने गेला. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७४ साली रोजनिशी छापली ती चाळणी लावून. काही स्वप्ने त्यांनी काढून टाकली. पंथाच्या अब्रूची काळजी, दुसरे काय! १८७१ साली कवी व्हिटियरने काढलेल्या आवृत्तीने ती घरोघर पोचली. हस्तलिखितांकडे नीट वळल्या त्या अमेलिया गमेरे, १९२२ साली. त्यानंतर १९७१मध्ये फिलिप्स मोल्टन यांनी पाठ पुन्हा जुळवून गाळलेली स्वप्ने जागच्या जागी बसवली. हिशेबाच्या वह्याही टिकल्या आहेत, आणि माझ्या मते रोजनिशी त्यांच्या शेजारी ठेवूनच वाचावी.