ताकेतोमी : जमीन न विकण्याचा निर्धार केलेले बेट

जपान म्हटले की फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि बुलेट ट्रेन डोळ्यांसमोर येतात. याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेस, ओकिनावा प्रांतातील याएयामा द्वीपसमूह पसरलेला आहे. टोकियो येथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, तर तैवानची राजधानी तैपेई तीनशे किलोमीटरच्या आत. या समूहातील ताकेतोमी हे प्रवाळाच्या चुनखडीचे सखल बेट जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचे असून वस्ती साडेतीनशेच्या आसपास आहे. मात्र २०१० च्या दशकात येथे वर्षाकाठी सुमारे पाच लाख पर्यटक येऊ लागले. एवढ्या पाहुण्यांचे आतिथ्य करूनही गावाने आपले गावपण कसे राखले, हे पाहण्यासाठी दोन-तीन दिवसांची सुटी येथे घालवण्यासारखी आहे.

कसे जाल?

ताकेतोमीला विमानतळ नाही. टोकियो किंवा ओसाकाहून थेट, अथवा ओकिनावाची राजधानी नाहा येथून विमानाने इशिगाकी बेटावर उतरावे. तेथील नवा विमानतळ २०१३ मध्ये सुरू झाला. इशिगाकी बंदरातून वेगवान बोटीने दहा-पंधरा मिनिटांत ताकेतोमी गाठता येते. बेट इतके जवळ असल्याने बहुसंख्य पर्यटक सकाळी येतात आणि सायंकाळच्या बोटीने परततात. बेटाची खरी ओळख मात्र शेवटची बोट गेल्यावर होते. त्यासाठी गावातील ‘मिन्शुकू’, म्हणजे घरगुती निवासात, मुक्काम करावा. रात्री उघडी असणारी भोजनगृहे मोजकीच असल्याने निवासाबरोबर जेवणही आधीच ठरवून घेणे श्रेयस्कर.

काय पाहाल?

बेटाच्या मध्यभागी तीन वाड्या आहेत. लाल कौलांची बुटकी घरे, छपरावर अनिष्टाला पिटाळून लावणाऱ्या ‘शीसा’ या सिंहसदृश रक्षकाची मातीची मूर्ती आणि घराभोवती प्रवाळी दगडांची गडगी, अशी त्यांची रचना. या गडग्यांत चुना वा माती भरलेली नसते. दगडांमधील फटींतून वारा निघून जातो आणि वादळाचा जोर ओसरतो. फाटकाच्या आत आणखी एक आडवी भिंत असते. ती वाटसरूंची नजर अडवते आणि श्रद्धेनुसार दुष्ट शक्तींनाही. रस्त्यांवर पांढरी प्रवाळी वाळू अंथरलेली असून गावकरी रोज सकाळी ती झाडून काढतात. चांदण्यात ही वाळू उजळते आणि वाटेवरचा विषारी साप चटकन दिसतो. १९८७ मध्ये जपान सरकारने या वस्तीला पारंपरिक वास्तुसमूहांचे महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

गाव पायी किंवा भाड्याच्या सायकलवर फिरता येते. पाणम्हशीच्या गाडीतून फिरताना गाडीवान ‘सानशिन’ या तीन तारांच्या वाद्यावर ‘आसादोया युन्ता’ हे गीत ऐकवतो. अधिकाऱ्याची मागणी नाकारणाऱ्या याच बेटावरील कुयामा या तरुणीची ही कथा आहे. येथील ‘मिन्सा’ विणकामाच्या पट्ट्यांवर चार आणि पाच चौकोनांची नक्षी असते. ‘चिरकाल सोबत राहा’ असा तिचा अर्थ लावला जातो.

पश्चिमेच्या कोंदोई किनाऱ्यावर उथळ, निवळ पाण्यात पोहता येते. जवळच्या काइजी किनाऱ्यावर ताऱ्याच्या आकाराची वाळू आढळते. ती वाळू म्हणजे वस्तुतः फोरामिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची कवचे होत. येथे प्रवाह जोरदार असल्याने पोहू नये, आणि ही वाळू तळहातावर पाहून तेथेच सोडावी.

सनदेमागची कथा

हे सौंदर्य आपोआप टिकलेले नाही. १९७१ मध्ये दीर्घ अवर्षण आणि वादळाने शेती उद्ध्वस्त झाली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातील ओकिनावा जपानकडे परत आले. त्या सुमारास मुख्य भूमीवरील कंपन्यांनी अडचणीतील शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर विकत घेण्यास सुरुवात केली. त्याविरुद्ध ग्रामस्थ संघटित झाले. या प्रयत्नांतूनच १९८६ मध्ये बेटाची सनद आकारास आली. तिची पाच तत्त्वे अशी : विकू नये, घाण करू नये, शिस्त मोडू नये, नासधूस करू नये आणि जे आहे ते जिवंत ठेवावे.

तथापि ग्रामस्थांनी पर्यटनाकडे पाठ फिरवलेली नाही. २०१२ मध्ये बेटावर मोठे विश्रामगृह उभे राहिले, तेही लाल कौले आणि दगडी गडगे या स्थानिक शैलीत. सप्टेंबर २०१९ पासून येथे ३०० येनचे ऐच्छिक प्रवेशशुल्क घेतले जाते. निसर्गसंपत्तीच्या रक्षणासाठी केलेल्या राष्ट्रीय कायद्यान्वये असे शुल्क जपानमध्ये प्रथम येथेच सुरू झाले. निसर्गरक्षण आणि बाहेरच्यांच्या हाती गेलेल्या जमिनी परत मिळवणे, हे त्यामागील हेतू होत. शुल्क ऐच्छिक असल्याने ते भरणे न भरणे ही पाहुण्याच्या सद्सद्विवेकाची बाब ठरते.

कधी जाल, कसे वागाल?

मार्च-एप्रिलमध्ये हवा आल्हाददायक असते. साधारण मेच्या मध्यापासून जूनपर्यंत पावसाळा, तर पुढे ऑक्टोबरपर्यंत वादळांचे सावट असते. अशा वेळी बोटी बंद राहतात, म्हणून परतीच्या विमानापूर्वी एखादा दिवस हाताशी ठेवावा. बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणीचा ‘तानेदोरी’ उत्सव येतो. १९७७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाचा लोकवारसा म्हणून नोंद झालेल्या या उत्सवात दोन दिवस देवापुढे नृत्य-नाट्य सादर होते.

आपल्याकडील देवरायांची आठवण करून देणारी ‘उताकी’ ही पवित्र स्थाने बेटावर जागोजागी आहेत. त्यांत पाऊल टाकू नये. पोहण्याच्या पोशाखात वस्तीत हिंडू नये. घरांत माणसे राहतात, याचे भान ठेवून छायाचित्रे घ्यावीत. ताकेतोमीचे गाव पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे. येथील जमीन विक्रीस नाही, हे ध्यानी घेऊन वावरणारा पाहुणाच या बेटाला मानवतो.