बामियानचा बुद्ध आणि १९७० सालचे तीन फोटो

एखाद्या वस्तूभोवती फिरत फोनने फोटो काढले, की ॲप तिचं थ्रीडी मॉडेल बनवून देतं. पण वस्तूच उरली नसेल तर?

मार्च २००१. अफगाणिस्तानात बामियानच्या कड्यात कोरलेल्या दोन बुद्धमूर्ती तालिबानने स्फोटकं लावून उडवल्या. मोठी मूर्ती सुमारे ५५ मीटर, म्हणजे १७-१८ मजली बिल्डिंगच! झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या आर्मिन ग्रून यांच्या टीमने ही मोठी मूर्ती जुन्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर उभी करायला घेतली.

तंत्राचं नाव फोटोग्रामेट्री. मूर्तीवरचा एकच बिंदू दोन-तीन फोटोंत शोधायचा. प्रत्येक कॅमेरा कुठे होता हे कळलं, की त्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषा जिथे छेदतात तिथे तो बिंदू. शाळेतलीच भूमिती, फक्त हजारो वेळा.

इंटरनेटवरचे फोटो त्यांनी वापरून पाहिले. पण कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, फोटो कापलाय का, काहीच माहीत नाही. त्यातून ढोबळ आकार तेवढा मिळाला. खरा आधार ठरले ते ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कोस्टका यांचे तीन फोटो. ऑगस्ट १९७० मध्ये, मोजणीसाठीच्या खास कॅमेऱ्याने काढलेले. तीस वर्षांनी हे असे कामाला येतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. सॉफ्टवेअरने आपोआप भरपूर बिंदू काढले खरे, पण चीवराच्या चुण्या गुळगुळीत होऊन गेल्या. अल्गोरिदम फोटोतले छोटे तुकडे जुळवतो, त्यात बारीक कडा हरवतात. आणि मूर्तीची ओळख तर त्या चुण्यांतच! खुंट्या ठोकून, त्यांना दोर बांधून, वर मातीचा गिलावा देऊन त्या घडवल्या होत्या. शेवटी माणसांनीच स्क्रीनसमोर बसून एकेक चुणी हाताने आखली. मी दिवसभर कोड लिहितो, पण इथे माझं मत हाताच्याच बाजूने.

त्यावरून १:२०० प्रमाणातली छोटी मूर्तीही बनवली गेली. तिला चेहरा नाही, कारण तो २००१ च्या कितीतरी आधीच नाहीसा झाला होता. सॉफ्टवेअरमध्ये एखादा शांत, सुंदर चेहरा बसवणं काही अवघड नव्हतं. त्यांनी तो बसवला नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं.