साबणाची बडोदेकर परंपरा आणि घरचा साबण

बडोद्यास रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस सुभानपुरा व गोरवा या दोन वस्त्या एकमेकींस लागून आहेत. एके काळची ही खेडी आता शहराने आपल्या पोटात घेतली आहेत. गोरव्यास असलेल्या अलेंबिक कारखान्याचा धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांस त्या संस्थेचा उगम ठाऊक असेलच असे नाही. १९०७ साली त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांनी ती काढली. पैकी गज्जर हे या कथेतील खरे आद्यपुरुष होत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, त्याचे धुरीण तेच. देशी मुलांस रसायन व रंगाई त्यांच्या मातृभाषेतून शिकवावी, हा त्यांचा आग्रह होता. १८९६ साली चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. ते डाग इतरांस निघेनात, तेव्हा गज्जरांनी ते काढून दाखविले. सफाईच्या विद्येत याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

साबण मात्र आपल्या घरांत सहजासहजी शिरला नाही. विलायती साबणात गुरांची चरबी असे, ही गोष्ट सर्वश्रुत होती, आणि सोवळे पाळणाऱ्या घरी तो न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर राही. रिठे, शिकेकाई, हरभऱ्याचे पीठ व राख यांवर काम भागे. हा आक्षेप निव्वळ भाबडा म्हणता येत नाही, कारण वस्तूत काय आहे हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहेच. १९१८च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पतिजन्य तेलाचा साबण काढला, तेव्हा त्या प्रश्नास व्यवहारी उत्तर मिळाले. पुढे वर्ध्यास १९३४ साली निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने घरगुती धंद्यांचा पुरस्कार केला, आणि अखाद्य तेलांच्या साबणाचे काम खादी ग्रामोद्योगांत रुजले. देवाचे रेशमी पीतांबर मात्र आजही रिठ्यांनीच धुवावेत. साबणातील अल्कलीने रेशीम निस्तेज होते, रिठ्याने होत नाही. येथे आजीबाई बरोबर होत्या.

आता घरी साबण करण्याविषयी. आमच्या कोकणी भगिनींपाशी खोबरेल आहे, आणि खोबरेलाचा साबू खाऱ्या पाण्यातही फेस धरतो. तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन होते. हे गूढ फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८२३ साली उकलून दाखविले. प्रत्येक तेलास लागणारा सोडा ठरलेला असतो: एक किलो खोबरेलास सुमारे १८३ ग्रॅम. एवढा सर्व घालू नये. कपड्यांच्या वडीस १७४ ग्रॅम पुरे, अंगाच्या वडीस १४६ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून कातडी कोरडी पडत नाही. तिळेलास सोडा पुष्कळच कमी लागतो, म्हणून खोबरेलाचे माप त्यास लावू नये. वाटी-चमच्याचे माप येथे नको, तराजूच हवा.

कॉस्टिक सोडा हा धुण्याचा सोडा नव्हे. तो कातडी जाळतो, आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. हातमोजे, चष्मा व लांब बाह्यांचे वस्त्र याविना त्याची पिशवी उघडू नये. पोरेबाळे दूर ठेवावीत. दारे-खिडक्या उघडी असावीत. सुमारे ४०० ग्रॅम गार पाणी पातेल्यात घेऊन त्यात सोडा हळूहळू सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते एकाएकी उकळून उसळते. नीट क्रमाने केले तरी द्रावण अतिशय तापते व त्याची वाफ नाकात झोंबते, म्हणून तोंड त्यावर धरू नये. भांडे स्टेनलेस स्टीलचे वा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात नकोत.

द्रावण व वितळलेले तेल दोन्ही कोमट झाली म्हणजे एकत्र करून ढवळावे. ढवळणीची रेघ पृष्ठावर टिकू लागली, की साचा भरावा. दुसऱ्या दिवशी, मोजे घालूनच, वड्या पाडाव्या व चार आठवडे वाऱ्यावर मुरू द्याव्या. अंगावर थेंब उडालाच, तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे, व्हिनेगर वा लिंबू चोळू नये. डोळ्यांत गेल्यास तसेच धूत वैद्यकीय मदत गाठावी. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावा. पिण्याच्या बाटलीत तो कधीही भरू नये.

कूपनलिकेचे पाणी जड असल्यास कोणताही साबण पांढरी साय धरतो. त्यात वडीचा दोष नसतो. कपड्यांच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा आधी विरघळवला, म्हणजे ती साय कमी होते.