मेरुरज्जूच्या इजेचे निदान : क्ष-किरणांपासून चुंबकीय अनुस्पंदनापर्यंत

प्रस्तावना

मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या रुग्णाचे वर्णन इ. स. पू. १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘एडविन स्मिथ पपायरस’ या इजिप्शियन हस्तलिखितात आढळते. हा विकार उपचारापलीकडचा आहे, असा निष्कर्षही तेथे नोंदविलेला आहे. रुग्णाला तपासून, त्याची हालचाल व संवेदना पाहून केलेले हे निदान होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत रुग्णाचा कणा आतून पाहण्याचे साधन वैद्यांजवळ नव्हते. ते साधन कसे घडत गेले आणि त्यामुळे निदानाच्या विचारात कोणता बदल झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अस्थी दिसली, रज्जू दिसला नाही

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि मणक्यांचे अस्थिभंग दिसू लागले. मऊ ऊतींचा मेरुरज्जू मात्र अदृश्यच राहिला. १९२० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सिकार व फॉरेस्तिए यांनी लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल रज्जूभोवतीच्या पोकळीत सोडून क्ष-किरणचित्र घेण्याची पद्धत पुढे आणली. या मायलोग्राफीमुळे रज्जूची बाह्यरेषा व तिच्यावरील दाब कळे. अंतर्भागाविषयी काही कळत नसे. शिवाय कणा दुखावलेल्या रुग्णाला सुई टोचणे व हलविणे भाग पडे. लंडनमध्ये १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सी. टी. स्कॅनमुळे पुढे अस्थीचे छेद सुस्पष्ट दिसू लागले, तरी मूळ अडचण बव्हंशी कायम राहिली.

या अडचणीची खूण एका संज्ञेत उरली आहे. १९८२ मध्ये पँग व विलबर्गर यांनी मुलांच्या संदर्भात ‘क्ष-किरणात विकृती न दिसणारी मेरुरज्जूची इजा’ अशी संज्ञा मांडली. रोगाचे नाव येथे उपकरणाच्या मर्यादेवरून पडले, ही बाब लक्षणीय आहे.

रज्जूचे अंतरंग

ब्लॉख व पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाचे निरीक्षण जाहीर केले. लॉटरबर यांनी १९७३ मध्ये त्यापासून प्रतिमा मिळविण्याची रीत दाखविली. मॅन्सफिल्ड यांनी तिला गणिती आधार व वेग दिला. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तंत्रात प्रामुख्याने शरीरातील पाणी व मेद यांमधील हायड्रोजन केंद्रकांपासून संदेश मिळतो. त्यामुळे ‘टी-२’ प्रकारच्या प्रतिमेत रज्जूची सूज उजळ दिसते, तर ताजा रक्तस्राव काळसर दिसतो. १९८७ मध्ये कुलकर्णी व सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच आधारे इजेचे तीन प्रकार केले : रक्तस्राव, सूज आणि दोहोंचे मिश्रण. केवळ सूज असलेल्या रुग्णांत सुधारणेची शक्यता अधिक, तर रक्तस्राव असलेल्यांत ती फारच कमी आढळली. रुग्णाच्या आप्तांना काय सांगावे, या अवघड प्रश्नाला प्रथमच प्रतिमेचा आधार मिळाला. ज्यांचे क्ष-किरणचित्र निर्दोष होते अशा अनेक रुग्णांच्या रज्जूतील इजाही दिसू लागली.

समारोप

तथापि, प्रतिमा म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सूज वाढत जाते. म्हणून प्रतिमा केव्हा घेतली याला महत्त्व आहे. चेतातंतूंचे कार्य कितपत शाबूत आहे, हे नेहमीची प्रतिमा थेट सांगू शकत नाही. प्रौढांच्या तीव्र इजेत शक्य असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी एम. आर. आय. करावे, असे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सुचविले. परंतु त्यामागील पुरावा अत्यल्प दर्जाचा असल्याचेही त्यांनीच नमूद केले.

म्हणूनच इजेची प्रत ठरविताना आजही टाचणीची टोचणी व स्नायूंची ताकद तपासली जाते. पपायरसच्या लेखकाने रुग्णाची संवेदना पाहून इजा ओळखली होती. आजचा चिकित्सकही तेथूनच आरंभ करतो. मात्र ‘उपचारापलीकडचा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी रज्जूच्या आत पाहण्याची सोय आता त्याच्यापाशी आहे.