आधी नारळ खवा

पिशवी पोटाशी धरा आणि कोपरं जरा बाहेर काढा, नाहीतर या सुरती बाजारातून आज तुमची सुटका नाही. गाव रंगून, साल १९३५, मार्च सरत आलाय. ऊन डोक्यावर आहे आणि कमरेची लौंजी दर दहा पावलांनी सुटू पाहतेय. टोपल्या मांडून बसलेल्या बायका खुसखुसतायत, त्यांच्याकडे बघू नका. गालांवर चंदनासारखा फिकट पिवळा लेप आहे ना, तो तनाखा. झाडाची साल दगडावर उगाळून लावतात, उन्हाचा चटका कमी लागतो. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या तोंडात मनगटाएवढी चिरूट आहे आणि ती काढल्याशिवायच ती भाव सांगतेय.

या कानात तेलुगू, त्या कानात गुजराती, पाठीमागून चितगावचा हमाल बंगालीत ओरडतोय. बर्मी ऐकू यायला अंमळ थांबावं लागतं, कारण निम्म्याहून जास्त शहर हिंदुस्थानातून आलेलं आहे. वास मात्र पक्का इथलाच. पुढच्या गल्लीत ङापीची पिंपं उघडी आहेत. आंबवलेल्या मासळीचा तो करडा लगदा नाकातून थेट डोळ्यांत जातो. सुकट-बोंबलावर वाढलेले असाल तर निभावून न्याल, बाकीच्यांनी तोंडाने श्वास घ्या.

घेतलंत सगळं? दोन नारळ, कांदे, लसूण, आलं, चण्याचं पीठ, बदकाची अंडी, चिन्याच्या दुकानातल्या ताज्या पिवळ्या नूडल्स. कोंबडी कापूनच घ्या. जिच्या घरी जेवायला चाललात ती बौद्ध म्हातारी चवीने कोंबडी खाईल, पण मारायचं पाप घरात नको. आता रिक्षात बसा. ओढणारा आंध्रकिनाऱ्याचा आहे, अनवाणी. डांबर इतकं तापलंय की त्याचे पाय टेकतायत की नाही कळत नाही.

रंगूनमधलं केमेंडाइन आलं. लाकडी घर, खाली खांब, दारात वाटसरूंसाठी पाण्याचं मडकं. चपला काढा. आत जाताच प्रश्न येईल, ‘टमिन सा पी बी ला?’, म्हणजे जेवलात का. नाही म्हणा. तेच तर काम आहे.

अफ्वा, म्हणजे आजी, तुम्हाला बसायलाही सांगायची नाही. खवणी पुढे सरकवेल. मांडी घालून बसा आणि खवा. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांचा तुरुंग आठवतो, ब्रह्मदेशातलं स्वयंपाकघर कुणालाच आठवत नाही. इथे आल्यावर कळतं की खोबरं खवताना बोट कापायची भीती रत्नागिरीत असते तेवढीच इथेही असते. पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. तेवढ्यात कोंबडी हळद-मीठ लावून मडक्यात उकळतेय. शिजली की मांस हाताने सोडवायचं, हाडं परत पाण्यात. पोळणाऱ्या बोटांवर फुंकर मारलीत तर अफ्वा हसेल.

आता खरी कसोटी. कांदा, लसूण, आलं खलबत्त्यात कुटून शेंगदाण्याच्या तेलात टाकलंय, वर हळद आणि तिखट. कोळशाची धग तोंडावर, घाम हनुवटीवरून लौंजीवर. झालं असेल असं तुम्हाला तीनदा वाटेल आणि तिन्ही वेळा अफ्वा नकारार्थी मान हलवेल. कांद्यातलं पाणी पार आटून तेल कडेने वर आलं पाहिजे. बर्मी कालवणाचं सगळं शहाणपण या तेल सुटण्यात आहे. मग मांस, माशाच्या खारट अर्काचा एक शिंतोडा, हाडांचं पाणी, पातळ दूध. बेसन थंड पाण्यात कालवून बारीक धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. घट्ट दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळू दिलंत तर फाटेल आणि मडक्यात तेलाचे डोळे तरंगतील. रस्सा कढीहून दाट, पिठल्याहून सैल झाला की मडकं उतरवा.

जेवण बुटक्या गोल मेजाभोवती, चटईवर. चमचा उचलू नका! आधी अफ्वाच्या वाडग्यात पडेल, मग इतरांच्या. नूडल्सवर रस्सा, त्यावर अंड्याच्या फोडी, कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेल्या मिरचीचा चुरा, तळलेल्या नूडल्सचे कुरकुरीत तुकडे. लिंबू स्वतः पिळा. इथे कुणी तुम्हाला तिखट-आंबट विचारणार नाही, वाडगा तुमचा आणि चवही तुमची जबाबदारी. लिंबू हात राखून पिळलंत तर नारळ आणि बेसन मिळून जीभ जड करतील. पहिला घोट गोडसर, मग कांद्याचा खोल रंग, मग मिरची कानामागे चढते. बाहेर गल्लीत कुणी शेजारी दिसला की त्यालाही हाक जातेय. मडकं मोठं आहे, काळजी नको.

पुढे ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर हा रस्सा आपल्याकडे आला आणि आज मुंबईच्या लग्नांत ‘खाऊसुए’ नावाने मांडला जातो. भोवती पंधरा वाट्यांची आरास असते. रस्सा पुष्कळदा पातळ, बेसनाचा पत्ता नाही आणि वर थाई करी पेस्टचा वास. ती वेगळी गोष्ट आहे, खायला हरकत नाही, पण केमेंडाइनचं नाव घेऊ नका.

घरी करायचं तर सहा माणसांना किलोभर कोंबडी, दोन नारळ, पाच-सहा कांदे आणि चार मोठे चमचे बेसन पुरतं. माशाचा अर्क नसेल तर मीठ चालेल, डब्यातलं नारळाचं दूधही चालेल. तेल सुटायच्या आत घाईने पाणी ओतणार असाल, तर त्या दिवशी सरळ पिठलं करा.